निंबाखालच्या चपला

हे खरं आहे.

सुरुवातीला सगळेच असं लिहितात, माहीत आहे मला. हे पेज मीही बरीच वर्षं वाचते. निम्म्या गोष्टींना तर हसूच येतं. पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्येची रात्र… माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. रात्रसुद्धा नाही.

मागच्या मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे सव्वाबारा. अकोला.

अकोल्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. त्या वेळात कोणी मदतीला हाक मारली, तर ऐकणारा माणूस कूलरसमोर झोपलेला असतो.

मला नेमकी त्याच वेळात हाक मारावी लागली.

आम्ही फळवाले. जठारपेठेत सासऱ्यांपासूनचं केळीचं दुकान आहे. बार्शीटाकळी रोडला थोडं वावर आहे, आणि त्या वावरात केळी पिकवायची खोली. ज्यांनी अशी खोली पाहिली नसेल त्यांना सांगते. जाड पत्र्याच्या भिंती, मध्ये फोम भरलेला. खिडकी नाही. अकोटकडून हिरवी केळी येते. ती क्रेटमध्ये भरून छतापर्यंत रचायची, गॅस सोडायचा आणि दार लावायचं. दाराला चारी बाजूंनी रबर. बाहेरची हवा आत नाही, आतली बाहेर नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धा तास दार उघडून खराब हवा जाऊ द्यायची.

खोली बसवून देणारा माणूस म्हणाला होता, "ताई, केळी बी श्वास घेते. आपल्यासारखीच. आतली हवा तेच खाऊन टाकते. चुकून माणूस राहिला तर सकाळ पाहत नाही."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

दाराची कडी बाहेरून. लाइटचं बटणही बाहेर. आतून उघडायची एक मूठ असते, पण आम्ही दार जुनं घेतलेलं, मूठ तुटकीच आली. "बसवून घेऊ," असं माझे मिस्टर दरवर्षी म्हणायचे.

म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. आत जाणाऱ्याने चपला दाराच्या उंबऱ्याशी काढायच्या. दार लावणाऱ्याने आधी खाली बघायचं. चपला दिसल्या, म्हणजे आत माणूस आहे. नाही दिसल्या, तर लाव दार. आत ब्लोअरचा आवाज एवढा असतो की हाक मारून काही उपयोग नसतो.

नऊ वर्षं ही रीत चालली. कोणाला ओरखडाही आला नाही.

मग शकुनचं झालं.

शकुन आमच्याकडे क्रेट रचायला यायची. नवरा गेलेला, एक मुलगी, पौर्णिमा. हातात बांगड्या नाहीत, फक्त एक स्टीलचं कडं. एक क्रेट नीट बसला की त्या कड्याने त्यावर दोनदा ठोकायची. टिक टिक. मी चेष्टा करायचे, "शकुनबाई, केळीले उठवून राहिल्या का झोपवून राहिल्या?"

"झोपली का नाही ते पाहून राहिली, वहिनी," म्हणायची. आणि हसायची.

या मंगळवारच्या दोन वर्षं आधीचा मे. अशीच दुपार होती. उंबऱ्यावर ऊन आलेलं. तापलेल्या चपलेत पाय घातला की तळव्याला फोड येतो, हे इथे लहान पोरालाही माहीत आहे. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात जा, दवाखान्यात जा, बाया आधी चपलेला सावली शोधतात. शकुनने तेच केलं. चपला उंबऱ्याशी न काढता रांजणाच्या मागे सावलीत ठेवल्या. सहा-सात हात लांब.

माझे मिस्टर आले. त्यांनी खाली पाहिलं.

चपला नव्हत्या.

त्यांनी दार लावलं.

ती मागच्या रांगेत होती.

संध्याकाळी पौर्णिमा आईला शोधत आली. "गेली असन घराकडे," असं आम्ही म्हणालो. आम्हाला खरंच तसं वाटलं होतं. तोवर आम्ही खोटं बोललो नव्हतो.

पहाटे पाचला दार उघडलं.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आज घेते. नाव न घेता पुढचं सांगता येणार नाही. गोपालराव.

शकुन दारातच पडली होती. खाली, डाव्या कोपऱ्यात, पालथी. तिच्या बोटांकडे मी एकदा पाहिलं आणि परत पाहू शकले नाही.

गोपालरावांनी वाकून तिची नाडी पाहिली. म्हणाले, "पोलीस येतीन. खोली बंद पडन. आपलं सगळं गेलं."

"दवाखान्यात तरी न्या अवो…"

"थंडगार पडली ते. आता काय वापस येते का?"

त्यानंतर आम्ही जे केलं, ते मी आईलाही सांगितलं नाही.

वावराच्या टोकाला, नाल्याजवळ, एक कडूनिंब आहे. खोलीपासून दोनशे पावलं. आम्ही तिला तिथे नेलं. खांदे त्यांनी धरले. पाय मी धरले. तिचे हात मी रांजणातल्या पाण्याने धुतले. आणि मग मला चपला आठवल्या. मीच परत आले, रांजणामागून उचलल्या आणि तिच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

मी घाईत ठेवल्या. मागे वळून बघितलं तेव्हा लक्षात आलं, उजव्या पायाची चप्पल डावीकडे ठेवली गेली होती आणि डाव्या पायाची उजवीकडे. कोणी माणूस तशा काढत नाही. पण उजाडत आलं होतं. मी तशाच राहू दिल्या. गोपालराव शेजारीच उभे होते. त्यांनी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

ऊन लागून गेली, असं ठरलं. अकोल्यात मे महिन्यात हे कोणालाही पटतं.

पुढच्या आठवड्यात गोपालरावांनी दाराच्या आतल्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. पांढरा ठिपका दिसायचा तिथे. तिथे काय बुजवलं, असं मी एकदाही विचारलं नाही. जे माहीत असतं ते माणूस विचारत नाही.

तेव्हापासून मागच्या रांगेतली केळी टिकत नव्हती. पुढची पिवळीधमक, आणि मागची एका रात्रीत काळी… बाया मागे जाईनात. आत टिक टिक होतं म्हणायच्या. मी त्यांना रागवायचे. पत्रा आकसतो गार झाल्यावर, तो वाजतो, म्हणायचे.

मनातून मला माहीत होतं की पत्रा दोनदाच वाजून थांबत नाही.

आता मागच्या मेवर येते. त्या मंगळवारच्या आधी चार दिवस पौर्णिमा दुकानात आली. पार वाळून गेली होती पोरगी. मी केळी दिली, तिने हातातच धरून ठेवली.

"काकू, माही माय रातभर त्या नाल्यावर काय करत होती?"

मी तराजू पुसायला घेतला.

"लोक म्हनतात कोनाले भेटाले गेली होती. चपला काढून, आरामशीर. माहं जुळलेलं लगन मोडलं त्याच्यावरून. पोराची आई तोंडावर म्हने, जशी माय तशी पोर. तुमाले काही मालूम असन तर सांगा ना काकू. ते तशी नव्हती."

नव्हतीच. शकुनसारखी सरळ बाई मी पाहिली नाही. आम्ही तिचा जीव घेतला तो चुकून. पण तिची अब्रू घेतली ती ठरवून, आणि तीही स्वतःच्या हाताने, दोन चपला ठेवून.

जाताना म्हणाली, रात्री झोप येत नाही, मोबाइलवर भुताच्या गोष्टी वाचत पडते. या पेजचं नाव तिने घेतलं. मी म्हणाले, मीही वाचते. दोघी जरा हसलो. अशा वेळी हसलो, याची मला अजून लाज वाटते.

"मंगळवारी संध्याकाळी खोलीवर ये," मी म्हणाले. "सांगतो तुले सगळं."

मंगळवारी सकाळी मी गोपालरावांना सांगितलं. ते पोहे खात होते.

"मी आज त्या पोरीले खरं सांगून देईन. मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

मला वाटलं ताट भिरकावतील. त्यांचा आवाज तसा गल्लीभर जातो. पण त्यांनी शांतपणे पोहे संपवले, हात धुतला.

"ठीक हाये. तुही मर्जी," म्हणाले. "मी अकोटले माल पाहाले चाललो. संध्याकाळी येतो."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

अकराला खोली भरून झाली. बाया घरी गेल्या, उद्याच येणार होत्या. आता फक्त दार लावायचं राहिलं होतं, आणि ते मीच लावणार होते. त्याआधी मला एक काम करायचं होतं. पोरीला सांगण्याआधी शकुनला सांगायचं. ती जिथे काम करायची तिथे नारळ ठेवायचा आणि माफी मागायची. येडेपणा म्हणा. मोबाइल खोलीबाहेरच्या ऑफिसात चार्जिंगला लावला आणि नारळ घेऊन निघाले.

चपला मी उंबऱ्याशीच काढल्या.

हे मी शपथेवर सांगते. शकुननंतर मी कधीच सावली शोधली नाही. पोळले तरी चालेल, पण चपला उंबऱ्याशी. त्या दिवशीही पाय चटकला आणि मी "आई गं" म्हणाले, तेही आठवतंय मला.

आत गारवा. क्रेटच्या मधल्या बोळीतून आडवी होऊन मागे गेले. खाली बसले. नारळ ठेवला. हात जोडले. एवढंच म्हणाले, "शकुनबाई, आज सांगून देतो पोरीले."

आणि लाइट गेला…

मला वाटलं वीज गेली. पण ब्लोअर चालू होता.

मग दाराकडून आवाज आला.

खट्…

कडीचा.

ती कडी वाऱ्याने लागत नाही. दोन हातांनी ओढावी लागते.

"अवो! मी आत हाये!" मी ओरडत निघाले. अंधारात खांदा क्रेटला आपटला, दोन क्रेट माझ्या अंगावर आले. उठले. चाचपडत दारापर्यंत पोहोचले. दोन्ही हातांनी बडवलं. जाड फोम. हाताचा आवाज माझा मलाच ऐकू येईना.

मी मागे जाऊन नारळ शोधून आणला आणि त्याने दार ठोकलं. पाच-सहा ठोक्यांत नारळ फुटला. पाणी कोपरापर्यंत आलं. बाहेर काही नाही.

बाहेर भर दुपार होती. वावरात कोण असणार?

मी बसले. डोकं चालवायचं ठरवलं. साडेबारा झाले असतील. पौर्णिमा सहाला येणार. साडेपाच तास. शकुन कधी गेली असेल? मध्यरात्री? की त्याआधीच? पण आज खोली गच्च भरली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. जेवढी जास्त केळी तेवढी हवा कमी.

केळी बी श्वास घेते ताई…

नारळ फुटला ते बरं झालं. मी खोबरं खाल्लं. साडी अंगाभोवती घट्ट गुंडाळली. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत माझे दात वाजत होते. दर थोड्या वेळाने उठून दार बडवायचे, ओरडायचे, परत बसायचे. मग ओरडणं बंद केलं. ओरडलं की जास्त दम लागत होता.

किती वेळ गेला कळायला काहीच नव्हतं. अंधारात डोळे उघडे आहेत की मिटलेत हेही बोट लावून बघायला लागायचं. डोकं ठणकायला लागलं, दोन्ही कानशिलांत. श्वास लहान लहान व्हायला लागला. जिना चढून आल्यासारखी धाप, आणि मी तर नुसती बसलेली.

तेव्हा मला शकुनचा खरा राग आला. हो, राग. मेली ती मेली, आणि मला इथे आणून बसवलं. मग स्वतःचा आला. या बाईने हे सगळं एकटीने सोसलं होतं, रात्रभर, आणि मी सकाळी तिचे हात धुतले होते.

मग ब्लोअर बंद पडला.

एकदम शांत झालं…

अकरा वर्षांत ती खोली मी इतकी शांत कधी ऐकली नव्हती. माझाच श्वास ऐकू येत होता. फुस्… फुस्…

मी श्वास रोखला.

फुस्… फुस्…

तो थांबला नाही.

मागच्या रांगेतून येत होता.

केळी आहे, मी स्वतःला म्हणाले. केळी श्वास घेते. पण केळीच्या श्वासाचा आवाज होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? जन्म गेला माझा केळीत.

मग…

टिक टिक.

मागच्या रांगेत. क्रेटवर. स्टील.

मी गुडघे छातीशी घेतले. तोंडात पदर कोंबला.

टिक टिक. एक रांग पुढे.

टिक टिक. आणखी पुढे.

"शकुनबाई…" माझ्या तोंडून निघालं. "मले माफ करा. मी सांगणार होती. आजच सांगणार होती वो…"

टिक टिक. आता अगदी शेजारी. क्रेट आणि माझ्यामध्ये जागा नव्हती. तिथे कोणी उभं राहूच शकत नव्हतं. तरी माझ्या गालाला गार काहीतरी लागून गेलं. आवळ्याच्या तेलाचा वास आला. शकुन तेच तेल लावायची, एवढं चोपडून की आम्ही तिला नावं ठेवायचो.

आणि मग आवाज माझ्यापलीकडे गेला.

दारावर. खाली. डाव्या कोपऱ्यात.

टिक टिक. टिक टिक. टिक टिक.

थांबेचना.

मी घाबरून ओरडायला हवं होतं. पण तोवर मी भीतीच्या पलीकडे गेले होते. डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचत होते, हातापायांना मुंग्या आल्या होत्या. मी त्या आवाजाकडे सरपटत गेले. पालथी पडले. हात लावला.

खडबडीत. कडक. गोपालरावांनी भरलेली लांबी.

माझ्या मंगळसूत्रात सेफ्टी पिन अडकवलेली असते. ती काढली आणि लांबीच्या कडेने कोरायला सुरुवात केली. किती वेळ कोरलं ते सांगता येणार नाही. दोनदा पिन हातातून पडली, दोनदा अंधारात शोधली. शेवटी लांबीचा गोळा हलला. नखं घालून ओढला. अख्खा बाहेर आला.

त्याच्या मागे भोक होतं. मी बोटं आत घातली.

फोममध्ये चार खाचा होत्या. शेजारी शेजारी. माझी चार बोटं त्यांत बरोबर बसली…

शकुनने रात्रभर हेच केलं होतं. रबर तोडलं, फोम उकरला, आणि दाराच्या कडेपर्यंत पोहोचली होती. फक्त बाहेरच्या बाजूचा रबराचा पदर राहिला होता. नखाएवढा जाड.

तिचं एवढंच राहिलं होतं.

मी पिन खुपसली, फिरवली, परत खुपसली. आणि रबर फाटलं.

गरम झोत आला तोंडावर. ज्या लूला आपण दोन महिने शिव्या घालतो, तीच. तोंड कोपऱ्यात खुपसून मी ती ओढून घेतली. धुळीची चव होती तिला. मी रडत रडत श्वास घेत होते, आणि माझ्या पाठीवर कोणाचा तरी हात होता…

हो. हात. थंड. श्वास घेतला की उचलायचा, सोडला की टेकायचा.

मी मागे वळून पाहिलं नाही.

असं किती तास पडून होते, माहीत नाही. मध्ये शुद्ध गेली असणार. जागी झाले ती आवाजाने. भोकातून बारीक आवाज येत होता. गाडीचं दार. मग गोपालराव.

"नाही वो पोरी, ते इथं नाही. तिच्या चपला तिकडं निंबाखाली हायेत. गेली असन नाल्याकडे. येईन."

पौर्णिमा म्हणाली, "निंबाखाली?"

"हो. मी आताच पाहून आलो."

पौर्णिमाने फोन लावला असणार. मग लांबून माझ्या मोबाइलची रिंग ऐकू आली. ऑफिसातून.

"काकूचा मोबाइल इथं वाजून राहिला, काका. मोबाइल ठेवून, चपला काढून, नाल्याकडे कायले जाईन ते?"

मला ओरडता येत नव्हतं. घशातून हवाच निघत होती. मी साडीची किनार दाताने फाडली, पिनेला लावली आणि भोकातून बाहेर ढकलली. हिरवी किनार होती. बोटभर बाहेर गेली असेल.

पावलं. पळत आलेली.

खट्…

उजेड डोळ्यांत घुसला. पौर्णिमा मला काखेत धरून ओढत होती. मागे गोपालराव उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हे कसं झालं? हे कसं झालं?" एवढंच म्हणत होते. मग त्यांनीच मला उचललं, गाडीत ठेवलं. रडतही होते.

मी उंबऱ्याकडे पाहिलं. चपला नव्हत्या.

पौर्णिमा पळत निंबाकडे गेली आणि माझ्या चपला घेऊन आली. गाडीच्या खिडकीशी वाकली. गोपालराव गाडी सुरू करत होते. ती अगदी हळू बोलली.

"काकू, उजवी डावीकडे ठेवली होती. डावी उजवीकडे." तिने चपला वर धरल्या. "माह्या मायच्या बी तशाच होत्या. मी कोनाले बोलली नव्हती. माही माय बी इथंच गेली का, काकू?"

गोपालरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी डोळे मिटून घेतले.

तोंडाला ऑक्सिजन नव्हता, बेशुद्धही नव्हते. सगळं ऐकू येत होतं. घाबरले आणि डोळे मिटले, एवढंच.

त्यानंतर पौर्णिमा आमच्याकडे आली नाही. मी दोनदा फोन लावला. उचलत नाही.

गोपालराव म्हणतात, अकोटहून ते पाचला निघाले. अकोटचे लोकही तेच सांगतात. लोकांचं काय, शकुनला ऊन लागलं असंही लोकच सांगत होते. त्या आठवड्यात गोपालरावांनी दाराला आतून नवी मूठ बसवली. अकरा वर्षं जमलं नव्हतं, ते एका दुपारी जमलं. माझी फार काळजी घेतात आता. रात्री उठून पाणी देतात. आवाजही चढवत नाहीत. तो आवाज अजून तसाच आहे. हळू.

पौर्णिमा, तू हे पेज वाचतेस. म्हणून इथे लिहिते. तू विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. तुझी आई त्याच खोलीत गेली. ती कोणाला भेटायला गेली नव्हती. नाल्यावर तिला आम्ही ठेवलं, आणि चपला मी ठेवल्या. हे ज्याला दाखवायचं त्याला दाखव. मी नाही म्हणणार नाही.

बाकीच्यांना विचारायचं असेल, भुताची भीती वाटते का.

नाही वाटत. त्या अंधारात मला हवेची जागा दाखवणारी तीच होती, पाठीवर हात तिचाच होता. आणि तिथेच माझं डोकं अडतं. जिला मला वाचवायचं होतं, ती मला कोंडेल कशाला? पण मला बाहेर काढणारी पौर्णिमा सोडली, तर उलट्या चपला ठाऊक असलेले आम्ही तिघंच. मी तर आत होते. उरली ती, आणि उरले हे.

मी रोज देवापुढे दिवा लावते आणि एकच मागते. कडी शकुननेच लावलेली असू दे. चपला तिनेच नेलेल्या असू दे. ती मला कितीही वेळा कोंडू दे, माझी तक्रार नाही. फक्त तीच असू दे…

हे लिहिताना गोपालराव दोनदा दारात येऊन गेले. काय लिहून राहिली, म्हणाले. भुताची गोष्ट, म्हटलं.

आता तिसऱ्यांदा आलेत. जेवायला वाढ म्हणतात. हळू आवाजात.